जुन्या लष्करी बंदुकीच्या दस्त्याचं मूळ लाकूडकाम कसं जपावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भात मालगुजारांच्या वाड्यांत आणि वऱ्हाडात देशमुख-पाटलांच्या घरी आजही एखादी जुनी लष्करी बंदूक सापडते. बहुतेक ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या असतात. काही स्नायडर किंवा मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश बनावटीच्या असतात, आणि क्वचित ली-एनफिल्ड. लोखंडाची काळजी घ्यायची हे सगळ्यांना कळतं. लाकडावर, म्हणजे दस्त्यावर, मात्र घरोघरी व्हार्निश चढवलेलं दिसतं, नाहीतर ते पॉलिशपेपरने घासून पांढरं केलेलं असतं. हे थांबावं म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कामाला हात घालण्याआधी सगळ्यात पहिलं काय पाहायचं?

बंदूक भरलेली आहे का, ते. ठासणीच्या बंदुकीत हा धोका खरा असतो. ती उघडून आत बघता येत नाही, आणि आजोबांनी रानडुकरासाठी भरून ठेवलेली दारू कोरडी राहिली असेल तर कित्येक दशकांनंतरही पेट घेते.

तपासायची पद्धत सोपी आहे. टोपी (बार पेटवणारी छोटी धातूची कॅप) बसवलेली असेल तर आधी ती काढा. नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर धरा. गज (दारू ठासायची सळई) नळीत हळूच सोडा, थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी त्यावर खडूने खूण करा, मग तो बाहेर काढून नळीच्या अंगाने बाहेरून धरा. गजाचं टोक टोपी बसते त्या जागेच्या आसपास पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच कमी पडलं, तर आत काहीतरी आहे. अशा वेळी उकरू नका, ठोकू नका, गरम तर अजिबात करू नका. परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवा. लाकडाचं काम त्यानंतर.

बंदूक शंभर वर्षांपूर्वीची आहे. तरी परवाना लागतो का?

नुसतं जुनं असल्यामुळे सूट मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्रांना वगळलं आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही चालवता येण्यासारखं नसावं. तुमची बंदूक त्यात बसते की नाही हे आपल्या मनाने ठरवू नका, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेलं शस्त्रही त्यात मोजलं जातं. .३०३ बोअर, म्हणजे ली-एनफिल्डच्या नळीचं माप, तर साध्या परवान्यात येतच नाही.

दुसरी गोष्ट, बंदूक गावातल्या वाढईकडे, म्हणजे सुताराकडे, ठेवून येऊ नका. शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. लाकूड पुसणं, तेल देणं ही कामं मालकाने घरीच करावी. त्यापलीकडचं काम परवानाधारक कारागिराचं.

मूळ फिनिश म्हणजे नक्की काय होतं?

ब्रिटिश लष्करी बंदुकांचे दस्ते मुख्यतः अक्रोडाच्या लाकडाचे. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड घ्या, १८७१ पासून आलेली मार्टिनी-हेन्री घ्या, की १९०७ च्या मार्क-३ नमुन्याची आखूड ली-एनफिल्ड, सगळ्यांना एकच तेल मुरवलेलं असायचं. जवसाचं. वर चकाकणारा थर नसे. सैनिक अधूनमधून थोडं तेल तळहाताने चोळायचा. आज जो लालसर काळपट रंग दिसतो, तो या तेलाचा, हाताच्या घामाचा आणि अनेक वर्षांच्या हवेचा मिळून आलेला आहे. बाजारातल्या कुठल्याही स्टेनच्या डब्यात तो मिळत नाही.

सगळ्या देशांचं मात्र असं नव्हतं. रशियन मोसिन-नागांच्या दस्त्यांवर सोव्हिएत काळात लाखेचं पॉलिश असे. जपानी अरिसाकावर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचं रोगण. ऑस्ट्रेलियात लिथगोला बनलेल्या ली-एनफिल्डला पुढे तिथलंच कोचवुड वापरलं गेलं. म्हणून आपली बंदूक कुठली, हे आधी ओळखा. विदर्भात सापडणारी जवळपास प्रत्येक जुनी लष्करी बंदूक ब्रिटिश किंवा बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातली असते, त्यामुळे पुढचं सगळं जवसाच्या तेलाला धरून सांगतो.

घाणीवरचं जवसाचं तेल चालेल का, की पेंटच्या दुकानातलंच आणायचं?

चालेल, आणि मला तेच आवडतं. जवस हे आपल्याच मातीतलं पीक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागात धान उभं असतानाच ओलीवर जवस फेकतात, त्या उतेऱ्याच्या पिकातून फेब्रुवारी-मार्चमध्ये बी घरी येतं. चटणीपुरतं ठेवून बाकीचं घाणीवर जातं. पूर्वीच्या शस्त्रागारात जे कच्चं तेल वापरत, ते मुळात हेच. घाणीवरून आणलेलं तेल काचेच्या बरणीत आठ-पंधरा दिवस स्थिर ठेवा. गाळ खाली बसला की वरचं नितळ तेल फडक्यातून गाळून घ्या.

पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं मिसळलेली असतात. ते एका दिवसात वाळतं, कच्च्या तेलाला कित्येक दिवस लागतात. घाई असेल किंवा हवा दमट असेल तर बॉइल्ड वापरा, ते चुकीचं नाही. फक्त तो डबा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. ते तेल खायचं नाही.

जवसाचंच का, हेही समजून घ्या. या तेलात लिनोलेनिक आम्लाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि लाकडाच्या रंध्रांतच राहतं. शेंगदाण्याचं तेल, खोबरेल किंवा मोहरीचं तेल असं वाळत नाही. सरकीचं थोडं घट्ट होतं, पण चिकट राहतं आणि धूळ धरतं. घरात हाताशी आहे म्हणून ही तेलं लावलेले दस्ते मी पुष्कळ पाहिले. बोट लावलं की चिकटतं, आणि वर्षभराची धूळ त्यात रुतून बसलेली असते.

आत्ता दस्त्यावर काय लावलेलं आहे, हे कसं ओळखू?

झाकलेली जागा निवडा, उदाहरणार्थ पितळी पट्टीच्या आतली कड. कापसाच्या बोळ्याने तिथे थोडं स्पिरिट लावा. पृष्ठभाग लगेच चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी रंग आला, तर ती लाख आहे. स्पिरिटने काही झालं नाही, पण एनसी थिनरने थर मऊ पडला, तर फर्निचरवर मारतात ते लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही आणि नखाने खरवडल्यावर प्लास्टिकसारखा पापुद्रा निघाला, तर पॉलियुरेथेन किंवा मेलामाइन. थरच नाही, बोळ्यावर फक्त काळसर मळ आला, तर नशीबवान आहात. मूळ तेल अजून शाबूत आहे.

पॉलिशपेपर मारून एकदा स्वच्छ का करू नये?

कारण मग परत आणण्यासारखं काही उरत नाही. दस्त्यावर ठशांनी दाबलेल्या खुणा असतात. ब्रिटिश सरकारी मालकीचा रुंद बाण, हिंदुस्थानी सरकारच्या मालाला त्याखाली ‘आय’ हे इंग्रजी अक्षर, कारखान्याचा शिक्का, साल, कधी पलटणीचा क्रमांक. दोन बाण टोकाला टोक लावून काढलेले दिसले, तर ती बंदूक सेवेतून अधिकृतपणे विकली गेली असा अर्थ. या खुणा एक मिलिमीटरहूनही उथळ असतात. ऐंशी नंबरचा कागद दोन मिनिटं फिरवला की संपलं. लाकूड घासलं की पितळेच्या आणि लोखंडाच्या पट्ट्या कडेने वर उचललेल्या दिसतात तो भाग वेगळाच. ते लाकूड पुन्हा वाढत नाही.

खुणा असलेल्या भागावर सर्वांत बारीक चार शून्यांची स्टीलवूलसुद्धा फिरवू नका. फक्त कापड.

मग मळ काढायचा कसा?

आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. मग टर्पेंटाईनमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने दोन तळहातांएवढा भाग पुसा, लगेच कोरड्या कापडाने टिपा आणि पुढे सरका. जुन्या धोतराचं कापड यासाठी उत्तम. कापड काळं होत राहील, दोन-तीन फेऱ्यांनंतर काळेपणा कमी झाला की थांबा. लाकूड पिवळं दिसेपर्यंत पुसायचं नाही. त्या काळेपणातला बराचसा भाग मळ नसून शंभर वर्षांचं तेलच असतं.

चुलीच्या धुराचा चिकट थर टर्पेंटाईनने निघाला नाही, तर समभाग कच्चं जवस तेल, टर्पेंटाईन आणि स्पिरिट बाटलीत हलवून वापरा. दस्ता लाखेचा असेल तर मात्र स्पिरिट नको. कॉस्टिक सोडा, ओव्हन क्लीनर, ब्लीच, उकळतं पाणी या गोष्टी लाकडाच्या जवळही आणू नका. सोड्याने अक्रोड काळंनिळं पडतं आणि त्याचे तंतू भुसभुशीत होतात.

दस्ता बंदुकीपासून सोडवावा लागतो का?

साध्या सफाईला नाही. उगाच सोडवू नका. जुन्या स्क्रूच्या खाचा पातळ असतात, बाजारातला निमुळता पेचकस त्या खाऊन टाकतो. खाचेत गच्च बसेल अशा सरळ कडेचा पेचकस हवा.

आखूड ली-एनफिल्डबद्दल एक इशारा महत्त्वाचा आहे. मागचा दस्ता आतल्या लांब बोल्टवर बसलेला असतो, आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला, तर ते पुढचं लाकूड मागच्या बाजूने उभं चिरतं. हे काम माहीतगार, परवानाधारक कारागिराकडेच द्या.

घरच्यांनी पूर्वी व्हार्निश किंवा ऑइलपेंट मारला आहे. तो काढू का?

काढा, कारण तो मूळचा नाही आणि त्याखाली ओल अडकते. पेंट रिमूव्हरची जेल ब्रशने लावा, मऊ होईपर्यंत थांबा, लाकडी पट्टीने अलगद ओढा. लोखंडी पत्रा वापरू नका. अंगणात, वाऱ्यात, हातमोजे घालून करा. शेवटी टर्पेंटाईनने पुसा आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या. लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिट पुरतं.

ठोके लागून खळगे पडलेत. ते भरता येतील?

लाकूड दबलं असेल तर वर येतं, तुटलं असेल तर येत नाही. दबलेल्या जागी ओलं सुती कापड ठेवून वर इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. वाफेने तंतू फुगतात. दोन-तीनदा करून थांबा. शिक्क्यांच्या आसपास हे करू नका, कारण शिक्काही दाबलेलाच असतो, तोही वर येईल.

पण करावं का, हा माझा उलट प्रश्न असतो. पलटणीत पडलेले ओरखडे मी तसेच ठेवतो.

मुठीजवळचं लाकूड काळं आणि मऊ झालंय. ते का?

बंदूक कायम तोंड वर करून उभी ठेवली की नळीतलं आणि कळीतलं खनिज तेल खाली झिरपतं आणि मुठीच्या बारीक भागात साचतं. लाकूड तिथे भिजून सुजतं, पुढे तडकतं. खडूची बारीक पूड टर्पेंटाईनमध्ये कालवून तिचा जाड लेप द्या, वर पातळ प्लास्टिक गुंडाळा, दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप सुकू द्या आणि ब्रशने झाडा. लेप तेलकट पिवळा निघेल. असं काही वेळा केलं की बराच फरक पडतो. उन्हात ठेवून तेल ‘बाहेर काढण्याचा’ प्रयोग करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेवढ्या उन्हात अक्रोड फाटेल.

उधई किंवा भुंगा लागला असेल तर?

बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर भुंगा. मातीची नळी दिसली तर उधई, आणि मग प्रश्न बंदुकीचा कमी, घराच्या भिंतीचा जास्त. भुंगा लागलेला दस्ता आधी प्लास्टिकमध्ये बंद करून इतर लाकडापासून वेगळा करा. दस्ता सुटा करून दिलेला असेल, तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्यास अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लाकडावर पाणी सुटेल. रॉकेल ओतण्याची जुनी सवय सोडा. वासापलीकडे त्याचा टिकाऊ उपयोग नाही.

तेल लावायची नेमकी पद्धत?

कपात दोन चमचे तेल घ्या, कप कोमट पाण्यात ठेवून ते ऊबदार करा. पहिल्या हाताला तेवढंच टर्पेंटाईन मिसळलं तर ते खोल जातं. तळहातावर थोडं घ्या आणि चोळा, हाताच्या उष्णतेने तेल लाकडात शिरतं. पंधरा-वीस मिनिटांनी, जेवढं लाकडाने घेतलं नाही तेवढं सगळं कोरड्या कापडाने पुसून टाका. ही पुसण्याची पायरी वगळली की चिकट थर बसतो, आणि तो मग टर्पेंटाईनने उतरवावा लागतो.

कच्चं तेल असेल तर पुढचा हात आठवड्याने, किंवा पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागेल तेव्हा. बॉइल्ड असेल तर एक-दोन दिवसांनी. जुन्या दस्त्याला दोन-तीन हात पुष्कळ होतात, कारण त्याच्या पोटात आधीचं तेल आहे. रंध्रं रिकामी झालेला, पेंट उतरवलेला दस्ता जास्त मागेल. लाकूड तेल ओढेनासं झालं की थांबा. चकाकी दिसायला लागली तर जास्त झालं असं समजा. लष्करी दस्ता मंद दिसतो.

तेलाच्या चिंध्या पेटतात हे खरं आहे?

अगदी खरं, आणि हा मजकूर वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की ती उष्णता आत कोंडते, वाढते, आणि काही तासांत कापड आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही. आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. त्या खोलीत अशी एक चिंधी पुरेशी आहे.

काम झाल्याबरोबर प्रत्येक कापड बाहेर, एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा. कडक होईपर्यंत वाळलेली चिंधी मग फेकता येते.

आमचा दस्ता अक्रोडाचा वाटत नाही. साग आहे का?

शक्य आहे. आलापल्ली-बल्लारपूरच्या पट्ट्यात सागाची कमी नाही, आणि मोडलेले दस्ते स्थानिक कारागिरांनी साग किंवा शिसवाने बदलले. साग सोनेरी-तपकिरी असतो, हाताला मेणचट लागतो, ताज्या कापाला त्याचा ओळखीचा वास येतो. त्यात स्वतःचं तेल असल्याने जवस हळू वाळतं. म्हणून आधी थिनरच्या कापडाने एकदा पुसा आणि मग अगदी पातळ हात द्या. बदललेला दस्ता काढून ‘मूळचा’ शोधत बसू नका. ती दुरुस्ती त्या बंदुकीच्या आयुष्याचा भाग आहे. इशापूरच्या ली-एनफिल्डमध्ये पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू आणि लाकडाची ठिगळं दिसतात, तीसुद्धा कारखान्याचीच, त्यांनाही हात लावू नका.

संग्रहालयवाले तेल लावू नका म्हणतात. मग कोणाचं ऐकायचं?

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जवसाचं तेल एकदा मुरलं की परत काढता येत नाही, आणि वर्षांगणिक ते गडद होतं. नागपूरच्या अजब बंगल्यात १८६३ पासून वस्तू जपल्या जाताहेत, तशा ठिकाणी हा विचार व्हायलाच हवा. तुमच्या बंदुकीवर शिक्के स्पष्ट असतील, इतिहास कागदोपत्री असेल, मूळ तेल शाबूत असेल, तर नवीन तेल देऊ नका. धूळ झाडा आणि मेणाचा पातळ हात द्या.

मेण घरी करता येतं. मधमाशीचं शुद्ध मेण एक भाग, टर्पेंटाईन तीन भाग. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवा, चुलीवरून उतरवा, आणि मग विस्तवापासून लांब नेऊन टर्पेंटाईन मिसळा. घट्ट झालं की लावा, दहा मिनिटांनी कापडाने चोळा. मेळघाटातल्या मधासोबत मेणही मिळतं, तेव्हा विचारून घ्या.

माझा स्वतःचा कल असा: लाकूड कोरडं पडून राखट दिसत असेल तरच तेल, नाहीतर मेण.

दसऱ्याच्या पूजेचे डाग पडतात. पूजा करायची नाही का?

जरूर करा. ओलं हळदकुंकू आणि नारळाचं पाणी थेट लाकडावर पडू देऊ नका, एवढंच. कुंकवाचा रंग रंध्रांत गेला की निघत नाही. पितळेच्या पट्टीवर किंवा नळीवर कोरडं बोट लावा, फूल वाहा, आणि संध्याकाळी पुसून घ्या. पितळ चमकवायच्या पॉलिशचा पांढरा गाळ लाकडाच्या कडेला साचून राहतो, म्हणून आधी तिथे कागदी टेप लावा.

हे काम कोणत्या महिन्यात करावं?

दिवाळीनंतर, होळीच्या आत. हवा कोरडी असते, ऊन सोसवतं, तेल नीट वाळतं. पावसाळ्यात कच्च्या तेलावर बुरशी धरते. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलेलं असतं आणि दिलेलं तेल वरच घट्ट होतं.

नंतर ठेवायची कुठे?

चुलीच्या वर नको, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, कुलरच्या झोतात नको. कुलरजवळ लाकूड रात्री फुगतं आणि दिवसा आक्रसतं, भेगा तिथूनच सुरू होतात. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत बंद ठेवली तर ओल धरते, सैल सुती खोळ बरी. कुलूपबंद कपाटात आडवी ठेवा. उभीच ठेवावी लागत असेल तर नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायचा आदेश आला, तर देण्याआधी दस्त्याचे आणि शिक्क्यांचे उजेडात फोटो काढून ठेवा आणि परत घेताना त्यांच्याशी ताडून पाहा.